कराडचे विमावाले काका: चार तारे, एक कापला तो फोनसाठी

माझी कराडात मेस आहे. मुलगा सतरा वर्षांचा, बारावीला. त्याच्या मामाचा हट्ट, नवी गाडी घ्यायची ती भाच्याच्याच नावावर. शोरूमवाला म्हणाला, "टाकू की ताई, पालक म्हणून तुमची सही लागेल, बाकी काही नाही." विम्याचं कोटेशनही लगेच हातात. आमच्या जुन्या वॅगन आरचा विमा काकांकडे, म्हणून तो कागद घेऊन त्यांच्याकडे गेले.

ऑफिस म्हणजे झेरॉक्सच्या दुकानावरची एक खोली. काकांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि एकाच ओळीखाली पेनानं रेघ मारली. मालक-चालकाचा अपघात विमा, 15 लाख. "ह्याला मालकाकडं लायसन लागतं. पोराकडं हाय का?" कुठलं असणार? कारचं लायसन 18 शिवाय नाही. 16 ला मिळतं ते 50 सीसीच्या आतल्या, बिनगिअरच्या दुचाकीचं. म्हणजे त्या ओळीचे पैसे आम्ही फुकटच भरणार होतो.

"बरं, नाव तरी राहू दे त्याचं," मी म्हटलं. काका म्हणाले, "सातबाऱ्यावर अज्ञान, म्हणजे अल्पवयीन, पोराच्या नावाला अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालन कर्ता लागतं ना, तसलंच हे. आरसीवर नाव अज्ञान पोराचं असलं तरी कायद्यात मालक म्हणजे पालक. त्यानं गुपचूप गाडी काढली तर बिल तुमच्याच नावावर फाटणार." 2019 च्या दुरुस्तीपासून अल्पवयीन मुलानं गाडी चालवताना गुन्हा केला तर पालकाला 3 वर्षांपर्यंत कैद आणि 25 हजार दंड, गाडीची नोंदणी 12 महिने रद्द, पोराला पंचविशीपर्यंत लायसन नाही. कोर्टानं विमा कंपनीला भरपाई द्यायला लावली तरी कंपनी ती मालकाकडून वसूल करू शकते. माझ्या मेसमध्ये दिवसभर ह्याच वयाची पोरं जेवतात. किल्ली दिसली की त्यांचे हात कसे शिवशिवतात ते मला कुणी सांगायला नको.

पण माझं मत फिरलं ते पैशानं, खोटं कशाला बोलू! जुन्या गाडीवर पाच वर्षांत एकही क्लेम नव्हता, त्यामुळे नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, 50 टक्के झालेला. "हा माणसाचा असतो, गाडीचा नव्हं," काका म्हणाले. जुनी विकून नवी माझ्याच नावावर घेतली तर तो नव्या गाडीला लागतो, मुलाच्या नावावर घेतली तर गेला. थर्ड पार्टीला, म्हणजे आपल्या गाडीनं दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याच्या विम्याला, तो चालत नाही, ते तीन वर्षांचं एकदमच भरलं. पण गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा हप्ता निम्म्यावर आला. 9,400 रुपये वाचले, मेसचे पाच सिलिंडर आले त्यात.

आता तक्रार. काका दुपारी एक ते चार फोन उचलत नाहीत, म्हणजे नाहीच. बोनसचं पत्र यायलाही आठ दिवस लागले आणि तेवढे दिवस गाडी शोरूममध्येच उभी.

मामा अजून फुगलेलाच आहे. परवा येऊन मागच्या काचेवर भाच्याचं नाव रेडियममध्ये टाकून गेला. काकांना विचारलं, चालेल का हे? म्हणाले, "चालतंय की, त्याला प्रीमियम नाही."