‘अमळनेर’मधून ‘पार्लमेंट’पर्यंत: दिलेल्या अक्षरांतून इंग्रजी शब्द शोधायची कोणती रीत कोणासाठी?

शहाद्याला इंग्रजी शिकवणाऱ्या माझ्या मैत्रिणीने परवा फोन केला. तिला वर्गात अक्षरांवरून शब्द शोधायचा खेळ सुरू करायचा आहे. मुलांना पुठ्ठ्याची अक्षरं कापून द्यावीत, शब्द शोधून देणारी साइट उघडून द्यावी की सरळ एआयला विचारायला लावावं, हे तिला ठरवायचं होतं. मी अमळनेरला सातवी-आठवीला शिकवते आणि शनिवारी सकाळच्या शाळेत हा खेळ नेमाने घेते. पालकही हेच विचारतात, म्हणून तिला सांगितलं ते इथे सविस्तर लिहिते.

साधनाच्या आधी प्रश्न ठरवा. ‘या अक्षरांचे शब्द’ असं आपण एका दमात म्हणतो, पण त्यात चार निराळे प्रश्न असतात. आमच्या गावाचंच नाव घ्या. इंग्रजीत ते सात अक्षरांचं: ए, एम, ए, एल, एन, ई, आर. पहिला प्रश्न, फक्त एवढ्याच अक्षरांतून काय बनतं? ‘लर्न’, ‘अलार्म’, ‘अरीना’, ‘मील’, ‘निअर’ असे पुष्कळ. दुसरा प्रश्न, ही सातही अक्षरं पोटात असलेला मोठा शब्द कोणता? ‘ऑर्नमेंटल’ आहे, आणि ‘पार्लमेंट’ आहे. ‘पार्लमेंट’च्या स्पेलिंगमधून पी, आय आणि टी उचलून बाजूला ठेवा, उरतं ते अख्खं अमळनेर! तिसऱ्यात अक्षरं एकमेकांना लागून, त्याच क्रमाने हवी असतात. ओ-यू-जी-एच घेतलं तर ‘कॉफ’, ‘रफ’, ‘थ्रू’, ‘थॉट’, आणि चारही ठिकाणी त्या तुकड्याचा उच्चार वेगळा. चौथ्यात जागा बांधलेल्या असतात: पाच अक्षरं, तिसरं आय, शेवटचं टी. ‘पॉइंट’, ‘प्रिंट’, ‘शर्ट’, ‘ड्रिफ्ट’. जोश वॉर्डलने 2021 मध्ये लोकांसमोर आणलेला वर्डल हा खेळ पुष्कळसा याच चौथ्या प्रश्नावर चालतो.

पहिल्या प्रश्नासाठी मी पुठ्ठ्याच्या अक्षरांच्याच बाजूने आहे. लग्नसराई संपली की घरोघरी पत्रिकांचा ढीग पडलेला असतो. त्यांची कोरी बाजू कापली की खर्च शून्य. पण सगळी अक्षरं सारख्या संख्येने करू नका, खेळ अडतो. स्क्रॅबल हा अक्षरांच्या सोंगट्या जुळवून शब्द करायचा खेळ तयार करणाऱ्या आल्फ्रेड बट्स यांनी वर्तमानपत्राच्या पानांवरची अक्षरं मोजून प्रमाण ठरवलं होतं, आणि ते आजही उपयोगी पडतं. इंग्रजी संचातल्या 100 सोंगट्यांत ई 12, ए आणि आय प्रत्येकी 9, ओ 8, एन, आर आणि टी प्रत्येकी 6. जे, के, क्यू, एक्स, झेड एकेकच. दोन कोऱ्या. माझा संच याच हिशोबाचा आहे.

आता सात अक्षरं मुलांपुढे टाकली की ती गोंधळतात, आणि त्यात नवल नाही. ‘अमळनेर’मध्ये ए दोनदा येतो, तरीही सातही अक्षरांच्या 2520 मांडण्या होतात. म्हणून आधी स्वर एका ओळीत आणि व्यंजनं दुसऱ्या ओळीत लावायला सांगते. मग शेपट्या शोधायच्या: ई-आर, ई-डी, ए-एल, आय-एन-जी. शेपटी सापडली की ती बाजूला धरून उरलेल्या अक्षरांशी झटायचं. असं झटताना मुलाने ‘निअर’ लावला आणि पहिला एन उचलून शेवटी नेताना ‘अर्न’पर्यंत पोचला, तर ती दोन्ही स्पेलिंगं त्याच्या बोटांना कळतात. मागच्या बाकावरून “बाई, माले सापडना!”, म्हणजे ‘मला सापडला!’, अशी आरोळी येते, ती पडद्यावरची यादी बघून कधी येत नाही. या रीतीत उणीव एकच, पण खरी: काय राहून गेलं ते कळत नाही, आणि दुसऱ्या प्रश्नासाठी ती फारच थिटी पडते.

छापील शब्दकोश पहिल्या अक्षराच्या क्रमाने लावलेला असतो. मधलं किंवा शेवटचं अक्षर धरून त्यात शोधायला गेलात तर सगळी पानं चाळावी लागतील. तरी तो टेबलावर हवाच, कारण शब्द खरा आहे का आणि अर्थ काय, याचा वाद तोच मिटवतो. वर्गात मी त्याला पंच म्हणते.

शब्द शोधून देणाऱ्या साइट्स पहिल्या प्रश्नाचं उत्तर क्षणात देतात. अक्षरं टाका, लांबीनुसार यादी येते. न ठरलेल्या अक्षराच्या जागी बहुधा प्रश्नचिन्हही चालतं. पालकांनी एक गोष्ट मात्र समजून घ्यावी. यातल्या बऱ्याच साइट्सच्या याद्या खेळाच्या नियमांसाठी केलेल्या आहेत. स्क्रॅबलच्या स्पर्धांत वापरली जाणारी कॉलिन्सची यादी सुमारे 2 लाख 80 हजार शब्दांची आहे. तिच्यात ए-ए हा लाव्हाच्या एका प्रकाराचा शब्द आहे, ई-एम हे तर एम या अक्षराचंच नाव आहे. स्पर्धेत असे शब्द गुण मिळवून देतात. आठवीच्या मुलाला त्यांचा काडीचा उपयोग नाही, उलट ‘लर्न’ आणि ‘रिअल’ त्या गर्दीत हरवतात. शिवाय अर्थ सोबत येईलच असं नाही. म्हणून मी ती साइट मुलांची पुठ्ठ्याची अक्षरं गोळा झाल्यावर स्वतः उघडते, राहिलेले पाच-सात कामाचे शब्द निवडते आणि फळ्यावर लिहिते.

तिसऱ्या-चौथ्या प्रश्नाला वनलूक ही शब्द शोधायची साइट सगळ्यात सरस वाटते. एका अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह, कितीही अक्षरांच्या जागी तारा. ओ-यू-जी-एचच्या दोन्ही बाजूंना तारा दिला की ते कुठेही असलेले शब्द येतात. शब्दावर टिचकी मारली की अर्थही मिळतो. त्यात विशेषनामं आणि दोन-तीन शब्दांचे वाक्प्रचारही मिसळून येतात, ते गाळायची तयारी ठेवा.

एआयच्या चॅटबॉटकडे हे काम एकटं सोपवू नका, हे मी कळकळीने सांगते. तो शब्द अक्षर-अक्षर करून वाचत नाही; मजकुराचे तुकडे करून त्यांवर काम करतो. त्यामुळे सात अक्षरं मागितली तर सहाच असलेला शब्दही तो ठामपणे देतो. मी अशी यादी न तपासता एकदा वर्गात वाचून दाखवली आणि सहावीतून नुकत्याच आलेल्या मुलीने त्यात एक एम कमी असल्याचं दाखवलं. मराठी अर्थ आणि सोपी वाक्यं विचारायला मात्र तो चांगला.

राहिली एक्सेलची रीत, आणि धडगाव-मोलगीकडच्या, रेंज येते-जाते अशा शाळांतल्या शिक्षकांनी ती जरूर शिकावी. शब्दांची यादी एकदाच उतरवून एका स्तंभात ठेवायची, पुढे इंटरनेट लागत नाही. दुसऱ्या प्रश्नाला तर हिच्याइतकं खात्रीचं काही मी पाहिलेलं नाही. शेजारच्या रकान्यात काउंटइफ्सचं सूत्र घालायचं आणि प्रत्येक अक्षर दोन ताऱ्यांच्या मध्ये ठेवून एकेक अट द्यायची. दोनदा हवं असलेलं अक्षर चुकतं ते इथेच: ‘अमळनेर’साठी तारा-ए-तारा एवढंच लिहिलं तर एकच ए असलेले शब्दही घुसतात. तारा-ए-तारा-ए-तारा असं लिहा. जिथे 1 आला तेवढ्याच ओळी गाळून घ्या. ‘पार्लमेंट’ मला असाच भेटला.

मैत्रिणीला म्हटलं, तू पत्रिका कापायला घे, शब्दकोश जवळ ठेव, आणि एक्सेलची फाइल मी पेन ड्राइव्हवर पाठवते. पहिल्या शनिवारी तिने आपल्या जिल्ह्याचंच नाव पुढे टाकलं: नंदुरबार, नऊ अक्षरं. ‘बर्न’ निघाला, ‘ब्रँड’ निघाला, एकीने ‘अर्बन’ लावला. मग एका मुलाने पुढची तीन अक्षरं नुसती बोटाने बाजूला सरकवली आणि उरलेल्या सहांकडे बघत राहिला. डी, यू, आर, बी, ए, आर. “बाई, दरबार इंग्रजीत चालतो का?” तिने शब्दकोश त्याच्याच हातात दिला. डीच्या पानांवर तो होता.