बर्मिंगहॅमचं सिक्स्टीन्थ स्ट्रीट बॅप्टिस्ट चर्च, टूर नक्की करा
अमेरिकेत अलाबामात गेलात तर हे चुकवू नका. १५ सप्टेंबर १९६३, रविवारची सकाळ, वर्णद्वेष्ट्यांनी इथे बॉम्ब लावला आणि चार कृष्णवर्णीय मुली गेल्या, त्यातली एक तर फक्त ११ वर्षांची, ऐकताना घशाशी आवंढाच आला. आमची लेक पण तेवढीच आहे हो, माझा हात सोडेना. मग मागची मोठी रंगीत काच बघा, काळा येशू, हात पसरलेले, एक हात द्वेष अडवणारा, दुसरा क्षमा करणारा, आणि ती काच वेल्समधल्या लोकांनी छोटी छोटी वर्गणी काढून दिलीय! मी बराच वेळ तिथेच बसून राहिले. गाइड बाई अजिबात घाई करत नाहीत. सिव्हिल राइट्स इन्स्टिट्यूट, म्हणजे नागरी हक्क चळवळीचं संग्रहालय, समोरच आहे, तेही त्याच दिवशी करा.