पहाटे सव्वापाचची बाटली : सोसायटीच्या तळ्यासाठी घेतलेल्या मत्स्यतज्ज्ञ सेवेबद्दल

पुण्याच्या पश्चिमेला टेकडीच्या पायथ्याशी आमची सोसायटी आहे आणि तिच्या आवारात दगडाच्या जुन्या खाणीत साचलेले सुमारे वीस गुंठ्यांचे तळे आहे. बिल्डरच्या माहितीपत्रकात त्याचा उल्लेख ‘नैसर्गिक सरोवर’ असा होता. आम्ही रहिवासी मात्र त्याला खाणच म्हणतो. एप्रिलच्या अखेरीस एका ढगाळ, वारा पडलेल्या रात्रीनंतर अकरा मोठे कटले पोट वर करून काठाला लागलेले दिसले, आणि तेव्हापासून पुढचे दोन महिने व्यवस्थापन समितीच्या बैठकांत माशांखेरीज दुसरा विषय निघाला नाही. त्या काळात आम्ही एका खासगी सल्ला संस्थेकडून मत्स्यजीवशास्त्रज्ञ आणि क्षेत्र तंत्रज्ञ यांची सेवा घेतली. अशा सेवेत नेमके काय मिळते आणि पैसे कशाचे द्यायचे, याची आम्हाला आधी काडीचीही कल्पना नव्हती, म्हणून हा अभिप्राय सविस्तर लिहितो आहे. संस्थेचे नाव देत नाही, कारण पुढे काही तक्रारीही आहेत आणि त्या आमच्या एकाच अनुभवावर आधारलेल्या आहेत.

या सेवेकडे वळण्याआधी आम्ही एक चूक केली होती, ती सांगणे भाग आहे. मत्स्यालयांची देखभाल करणाऱ्या एका विक्रेत्याला समितीने तातडीने बोलावले. त्याने हिरवे पाणी पाहताच शेवाळाचा दोष ठरवला आणि तळ्यात मोरचूद (निळे कॉपर सल्फेट) टाकून दिले. दोन दिवसांत पाणी स्वच्छ दिसू लागले, त्याचे छायाचित्र सोसायटीच्या गटावर फिरले, आणि चौथ्या दिवशी पहाटे आणखी चाळीस मासे मेले. मोरचुदाने शेवाळ मरते हे खरे. परंतु मेलेले शेवाळ कुजताना पाण्यातला प्राणवायू खाते, एवढा साधा हिशेब त्याच्या किंवा आमच्या कोणाच्याच ध्यानात आला नव्हता.

सल्ला संस्थेकडे फोन केला तेव्हा पलीकडून पहिलाच प्रश्न आला की पाण्यात काही टाकले आहे का. आमच्या सचिवांनी संकोचापोटी ‘नाही’ सांगितले. प्रत्यक्ष भेटीत पंपघराच्या कोपऱ्यात पडलेली निळसर डागांची गोणी तंत्रज्ञाच्या नजरेला पडली. त्याने ती उचलून न बोलता जीवशास्त्रज्ञ बाईंना दाखवली आणि मग सचिवांना सगळे सांगावे लागले. ही भेट मिळायला आम्हाला अठरा दिवस थांबावे लागले, ही माझी पहिली तक्रार. मासे मरत असताना अठरा दिवस हा फार मोठा काळ आहे. त्या अवधीत पाणी पुन्हा पूर्वीसारखे हिरवेगार झाले होते, कारण शेवाळाला लागणारे खत तळाच्या गाळात जसेच्या तसे होते.

भेटीला तिघे जण आले: एक जीवशास्त्रज्ञ आणि दोन तंत्रज्ञ. बाईंनी रत्नागिरीजवळच्या शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयातून चार वर्षांची मत्स्यविज्ञान पदवी आणि पुढे पदव्युत्तर शिक्षण घेतले होते. या शिक्षणानंतरच्या वाटा त्यांनी चहा घेताना सांगितल्या, त्या आमच्या इमारतीतल्या बारावीच्या दोन मुलांनी कान देऊन ऐकल्या. राज्याच्या मत्स्यव्यवसाय विभागातील पदे आहेत. मुंबईत वर्सोव्याला 1961 साली स्थापन झालेली आणि पुढे अभिमत विद्यापीठ झालेली केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहे. आपल्या आकुर्डीतच भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचे पश्चिम विभागीय केंद्र आहे. आणि संवर्धन प्रकल्प, बीज केंद्रे, खाद्य कंपन्या व पर्यावरण परिणाम अहवाल यांचे खासगी क्षेत्र आहे. दोघा तंत्रज्ञांपैकी वयाने मोठा भिगवणकडचा, भोई कुटुंबातला. त्याचे वडील उजनीच्या जलाशयात मासेमारी करत. त्याच्या वाटेला ना पदवी आहे ना पदनाम, आणि संस्थेच्या दरपत्रकात त्याची नोंद ‘मनुष्यबळ, 2’ एवढीच होती.

काम कसे चालते हे मी तीन दिवस शेजारी उभा राहून पाहिले. तळ्याशी पोचल्यावर त्या थोरल्या तंत्रज्ञाने एकही उपकरण बाहेर न काढता आमच्या रखवालदाराला दोन प्रश्न विचारले. मेलेले मासे मोठे होते की लहान? आणि मरळ जिवंत आहे का? रखवालदाराने सांगितले की मेले ते सगळे थोराड कटले आणि रोहू होते, तिलापिया बहुतेक वाचले, आणि मरळ तर कालच पायऱ्यांपाशी तोंड वर काढताना दिसली. यावर तो बाईंकडे वळून एवढेच म्हणाला, “मॅडम, विष नाही, हवा कमी.” त्यामागचे कारण बाईंनी नंतर उलगडले. प्राणवायू घटला की साधारणपणे मोठे मासे आधी जातात, तिलापिया बराच तग धरतो आणि मरळीला थेट हवेतून श्वास घेता येतो. पाण्यात विष उतरले असते तर लहान मासेही वाचले नसते आणि मरळीलाही तिच्या त्या सोयीचा उपयोग झाला नसता. अर्थात हा अंदाज होता आणि बाईंनी तो मोजमापाशिवाय लिहून दिला नाही, हे मला महत्त्वाचे वाटते. मोरचूदवाल्याचे निदानही एका नजरेतलेच होते; फरक पुढच्या तीन दिवसांच्या कामात होता.

संध्याकाळी पाच वाजता मीटरने पाण्यातला विरघळलेला प्राणवायू लिटरला 13.2 मिलिग्रॅम दाखवला. समितीतले एक सदस्य आनंदून म्हणाले की मग तर काहीच अडचण नाही. तंत्रज्ञ हसला आणि म्हणाला, “काका, पहाटे या.” पहाटे सव्वापाचला, उजाडायच्या आत, तोच मीटर त्याच जागी 1.1 दाखवत होता. कटला-रोहूसारख्या माशांना लिटरला पाच मिलिग्रॅमच्या वर प्राणवायू असावा असे मानतात. दिवसा उन्हात शेवाळ प्राणवायू तयार करते आणि रात्रभर तेच शेवाळ, मासे व तळाचा गाळ मिळून तो वापरतात. त्यामुळे पाणी जितके अधिक हिरवे तितकी दुपार चढी आणि पहाट खोल. काळी-पांढरी तबकडी दोरीने पाण्यात सोडून पाहिली तेव्हा ती अठरा सेंटिमीटरवरच दिसेनाशी झाली. मत्स्यतळ्यात तीसचाळीस सेंटिमीटर पारदर्शकता चांगली समजली जाते.

मीटरवर त्यांचा पुरता विश्वास नव्हता, आणि याच ठिकाणी मला या सेवेची खरी किंमत कळली. तीनशे मिलिलिटरची, तिरप्या टोकाच्या काचेच्या बुचाची बाटली तंत्रज्ञाने पाण्याखाली नेऊन आडवी धरली, हळूहळू भरू दिली आणि आत एकही बुडबुडा उरला नाही ना, हे बॅटरीच्या उजेडात दोनदा पाहिले. मग पिपेटचे टोक पाण्याच्या पातळीखाली ठेवून मँगनीज सल्फेट आणि त्यामागून अल्कलीयुक्त आयोडाइड सोडले, बूच लावून बाटली उलटसुलट केली आणि पायरीवर ठेवली. आदल्या संध्याकाळच्या बाटलीत साका बसला होता तो कडक चहाच्या चोथ्यासारखा तपकिरी. पहाटेच्या बाटलीत तो जवळजवळ पांढरा होता. ही विंक्लरची पद्धत 1888 सालची आहे, आणि प्राणवायू असेल तरच साका तपकिरी होतो हे समजायला शाळेतले रसायनशास्त्रही लागत नाही. दोन बाटल्या शेजारी ठेवल्यावर समितीतला वाद जागच्या जागी मिटला. अचूक आकडा बाईंनी नंतर थायोसल्फेटचे थेंब मोजून काढला आणि तो मीटरच्या आकड्याशी जुळला.

आता आमच्या कारंज्याविषयी. ते रंगीत दिव्यांसह रोज संध्याकाळी साडेसहा ते साडेनऊ चालत असे, म्हणजे पाण्यात प्राणवायू उतू जात असताना, आणि माशांचा जीव जायची वेळ येई तेव्हा ते बंद असे. हे लक्षात आल्यावर बाईंनी पंपघरातले घड्याळ स्वतःच्या हाताने फिरवून पहाटे दोन ते सात केले. त्यांच्या संपूर्ण शिफारशीतला हा सर्वांत उपयोगी भाग, आणि त्याला एक रुपयाही खर्च आला नाही. दुसरी शिफारस पाव, लाह्या आणि कणकेचे गोळे टाकणे बंद करण्याची होती. न खाल्लेला पाव कुजून शेवाळाचे खत होतो. तिसरी मासे कमी करण्याची, आणि त्यासाठी आधी मासे मोजायचे होते.

गढूळ पाण्यातले मासे मोजतात कसे, हे कुतूहल मला होतेच. खाणीचा तळ खडकाळ असल्याने ओढ जाळे अडकेल, हे थोरल्या तंत्रज्ञाने दोरीला दगड बांधून आठदहा ठिकाणी तळ चाचपून ठरवले आणि उथळ बाजूने फेक जाळे वापरले. पहिल्या दिवशी पकडलेल्या दीडशे तिलापियांच्या पोटाखालच्या डाव्या पराचे टोक कात्रीने किंचित छाटून त्यांना परत सोडले. पाच दिवसांनी एकशे ऐंशी पकडले, त्यांत खुणेचे पंधरा निघाले. म्हणजे बारा माशांत एक खुणेचा; साऱ्या तळ्यात हेच प्रमाण धरले, तर दीडशेला एकशे ऐंशीने गुणून पंधराने भागले की एकूण तिलापिया अठराशे येतात. जाळ्याच्या आसातून निसटणारी पिल्ले या हिशेबात नाहीत, असे अहवालात स्पष्ट लिहिले आहे. आमच्या तळ्याला हे ओझे फार होते, कारण पूर्वी कोणीतरी हौसेने सोडलेला तिलापिया तळ्यातच भराभर वाढत राहतो. काढलेले मासे पाषाण तलावात सोडून पुण्य मिळवावे, अशी सूचना एका ज्येष्ठ सदस्यांनी केली. बाईंनी ती नम्रपणे परंतु ठामपणे फेटाळली, कारण परदेशी मासा एका पाण्यातून दुसऱ्यात सोडणे म्हणजे उपद्रव पसरवणे. मोरचूद टाकलेल्या पाण्यातले मासे खायलाही त्यांनी दिले नाहीत. ते सगळे खतखड्ड्यात गेले, आणि त्यावरून तिसऱ्या इमारतीशी निर्माण झालेला अबोला अजून टिकून आहे.

जाळे आवरताना तंत्रज्ञाने एक शिंगाळा दाखवला, तेव्हा बाईंनी सहज सांगितले की या माशाचे शास्त्रीय नावसुद्धा ‘सींघाला’च आहे. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने दख्खनच्या माशांवर 1839 साली लिहिताना इथल्या लोकांच्या तोंडची नावे उचलून लॅटिन नावांत घातली. पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेत मिळालेल्या महसीरचे ‘खुद्री’ हे नावही त्याच लेखनातले. तंत्रज्ञाने हे शांतपणे ऐकले आणि मासा पाण्यात सोडला.

सेवेचे एकूण शुल्क 38,000 रुपये, कर वेगळा. वीस गुंठ्यांच्या तळ्यासाठी ते मला जास्त वाटले होते. आता वाटत नाही. मे महिन्यानंतर पहाटेचा आकडा चारच्या खाली गेलेला नाही (आम्ही स्वस्तातला संच घेऊन स्वतः मोजतो) आणि एकही मोठा मासा मेलेला नाही. तरी मी पाचपैकी चारच तारे देतो. उशिराबद्दल वर लिहिलेच आहे. अहवाल संपूर्ण इंग्रजीत आला. ज्या रखवालदाराने रोज पंप आणि पाणी पाहायचे, त्याला त्यातले एक अक्षर उपयोगी नव्हते, म्हणून मी एका रविवारी बसून त्याच्यासाठी दोन पानांचे टिपण मराठीत केले. शिवाय चौतीस पानांच्या त्या अहवालात बाईंचे नाव पदव्यांसह चार ठिकाणी आहे आणि पहाटेच्या बाटल्या भरणाऱ्याचे नाव कुठेच नाही. ‘नमुने गोळा करण्यात आले’ अशी कर्त्याशिवायची वाक्ये मात्र आहेत. बाईंना हे दाखवले तेव्हा त्यांना ते पटले, परंतु साचा कार्यालयाचा असतो, असे त्या म्हणाल्या.

दिवाळीनंतरच्या फेरतपासणीसाठी समितीने याच संस्थेला पुन्हा बोलवायचे ठरवले आहे. कार्यादेशात मी दोन अटी घातल्या: अहवाल मराठीत असावा आणि प्रत्येक नोंदीसमोर ती घेणाऱ्याचे नाव असावे. पहिली अट त्यांनी मान्य केली आहे. दुसरीवर ‘विचार करून कळवतो’ असे उत्तर आले आहे.