पेनड्राइव्हवर चालणाऱ्या घराला कुठला अँटीव्हायरस?

गणपतीच्या आधी दीड महिना माझ्याकडं पावतीपुस्तकांची गर्दी असते. बेळगावात शहापुरातल्या घरी बसून मी डीटीपीची कामं करते, म्हणजे मंडळांच्या पावत्या, लग्नपत्रिका, बारशाची कार्डं. फायली पेनड्राइव्हवर घालून वडगावच्या प्रेसला नेऊन देते. यंदा तिथल्या पोरानं माझा पेनड्राइव्ह लावला, स्क्रीनकडं बघितलं आणि लगेच काढून हातात दिला. "अक्का, निम्म पेनड्राइव्हन्याग वायरस ऐतरी." म्हणजे तुमच्या पेनड्राइव्हमध्ये व्हायरस आहे. मागं दोन गिऱ्हाइकं उभी होती. त्याचं काहीच चुकलं नव्हतं. पण ऐन सीझनला माझ्यामुळं त्याचं मशीन बंद पडलं असतं तर, या विचारानं घरी येईपर्यंत जीव थाऱ्यावर नव्हता.

घरी लावून नीट बघितलं. 'पावत्या', 'पत्रिका', सगळी फोल्डरं जागच्या जागी. फक्त प्रत्येक चित्राच्या कोपऱ्यात एक बारीक बाण. हा बाण म्हणजे शॉर्टकट. खरी फोल्डरं लपवलेली आणि त्यांच्या नावानं हे शॉर्टकट पुढं उभे केलेले. त्यावर क्लिक केलं की फोल्डर उघडतंसुद्धा, म्हणून तर संशय येत नाही. पण त्याच क्लिकला मागून एक स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्राम, चालते, कॉम्प्युटरमध्ये घर करते आणि पुढं जो पेनड्राइव्ह लावाल त्यात उतरते. गिऱ्हाइकांचे दिवसाला पाच-सहा पेनड्राइव्ह माझ्याकडं येतात. कुणाकडून आला आणि मी कुणाकुणाला दिला, याचा हिशेब आता लागणार नाही, याचंच जास्त वाईट वाटतं.

खानापूरचा भाचा इंजिनिअरिंगला आहे, तो रविवारी आला. "मावशी, आधी नेटची वायर काढ बघू," म्हणाला. मग विंडोजमध्ये मुळातच असणारा अँटीव्हायरस, डिफेंडर, उघडला, तर तो बंद, आणि वर मजकूर असा की सेटिंगचं नियंत्रण तुमच्या संस्थेकडं आहे. घरच्या मशीनला कसली आली संस्था! मागं एका मेकॅनिकनं विंडोज घालून दिलं होतं, ते क्रॅक केलेलं, म्हणजे पैसे न भरता चोरून चालवलेलं. क्रॅक चालावं म्हणून त्यानं डिफेंडरच बंद करून टाकला होता. म्हणजे दोन वर्षं घराचं दार सताड उघडं होतं आणि मी आपली आत निवांत काम करत बसले होते. नुसतं स्कॅन करून अशा मशीनवर भरवसा ठेवायला माझं मन तयार झालं नाही. लपलेल्या फायली दिसतील असं सेटिंग करून पत्रिका, फोटो आणि कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरच्या फायली तेवढ्या बाहेर काढल्या, तपासल्या, मशीन फॉरमॅट केलं आणि पैसे मोजून अस्सल विंडोज ११ घेतलं. विंडोज १० चे नेहमीचे मोफत सिक्युरिटी अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबलेत, तेव्हा नव्यानं ते घालण्यात अर्थ नव्हता.

आता अँटीव्हायरस कुठला, हा प्रश्न. दुकानात विचारलं की ज्या डब्यावर कमिशन जास्त तो डबा पुढं येतो, म्हणून आधी घरीच वाचलं. जर्मनीतली एव्ही-टेस्ट आणि ऑस्ट्रियातली एव्ही-कम्पॅरेटिव्ह्ज या दोन प्रयोगशाळा अँटीव्हायरसची नियमित परीक्षा घेतात आणि निकाल फुकट वाचता येतात. तिथं डिफेंडरही चांगले गुण मिळवतो. घरात फक्त बँक, यूट्यूब आणि मुलांचा अभ्यास एवढंच असेल, तर डिफेंडर चालू ठेवा, विंडोजचे अपडेट टाळू नका, पैसे घालवू नका. माझ्या जावेला मी हेच सांगितलंय.

माझं दुखणं वेगळं होतं. डिफेंडर फाईल उघडताना तपासतो, पण पेनड्राइव्ह लावल्या लावल्या तो अख्खा स्कॅन करत नाही. दरवेळी राइट क्लिक करून आपण सांगावं लागतं. गिऱ्हाईक दारात चप्पल घालून उभं असताना ते हमखास राहून जातं. म्हणून मी क्विक हील टोटल सिक्युरिटी घेतला, एका मशीनचा. पेनड्राइव्ह लावला की तो स्वतःहून तपासायला घेतो. मला हवं होतं ते एवढंच. चेन्नईच्या के७ मध्येही ही सोय आहे. पण क्विक हील पुण्याचा, रहिमतपूरच्या काटकर बंधूंचा. कॉम्प्युटर दुरुस्तीच्या धंद्यातून १९९०च्या दशकात त्यांनी हा अँटीव्हायरस काढला. दुरुस्तीला येणाऱ्या मशीनमधले व्हायरस रोज हाताळणाऱ्यांनी केलेली वस्तू आहे, याचं मला अप्रूप आहे, आणि ते मी लपवणार नाही.

डब्यातली लायसन्स की (नंबर) घातल्यावर मुदत त्या दिवसापासून सुरू होते, बिलाच्या तारखेपासून नाही. तेव्हा डबा आधी आणून ठेवला तरी नुकसान नाही. जुना अँटीव्हायरस असेल तर तो आधी काढा, दोन एकत्र ठेवले की एकमेकांच्या पायात पाय घालतात. डिफेंडर मात्र आपणहून बाजूला होतो. पहिल्या फुल स्कॅनला तीन तासांवर वेळ गेला. माझी हार्ड डिस्क जुनी, त्यात हजारो फोटो, त्यामुळं तक्रार नाही. ते काम रात्री लावावं. ३२ जीबीचा भरलेला पेनड्राइव्ह आला की गिऱ्हाइकाला पाच-दहा मिनिटं बसवावं लागतं. मी चहा ठेवते.

एका गोष्टीसाठी नुसत्या अँटीव्हायरसवर विसंबून चालत नाही. फायली कुलूपबंद करून पैसे मागणारा रॅन्समवेअर आला, तर आधी काढून ठेवलेली प्रतच कामाला येते. एक बाहेरची हार्ड डिस्क घेतलीय. दर शनिवारी कॉपी झाली की वायर काढून कपाटात. लावून ठेवली तर तीही त्याच तडाख्यात जाईल.

परवा वडगावला पावत्यांची दुसरी खेप दिली. पोरानं पेनड्राइव्ह लावला, या खेपेला जरा जास्तच वेळ बघत राहिला. मी काउंटर धरून उभी. मग त्यानं प्रिंटची कमांड दिली आणि किती पुस्तकं हवीत ते विचारलं, "अक्का, एष्टु पुस्तक?"