डिरेक्टरीतील वापरकर्त्यांची माहिती काढणारी स्क्रिप्ट: कोणता मार्ग निवडावा?

अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीतून, म्हणजे संस्थेतील वापरकर्ते व संगणक यांची नोंद ठेवणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या व्यवस्थेतून, वापरकर्त्याचे नाव, विभाग, ईमेल, खाते चालू आहे की बंद, शेवटचे लॉगइन कधीचे, अशी माहिती काढणारी स्क्रिप्ट लिहायची झाल्यास तीन मार्ग विचारात घेण्याजोगे आहेत: पॉवरशेल या विंडोजमधील आज्ञा-भाषेचे अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी मॉड्यूल, डॉटनेट या मायक्रोसॉफ्टच्या प्रोग्रामिंग प्लॅटफॉर्ममधील डिरेक्टरी-सर्चर आणि पायथॉनची एलडॅप३ ही लायब्ररी (एलडॅप म्हणजे डिरेक्टरीशी संवाद साधण्याची प्रमाणित पद्धत). व्हीबीस्क्रिप्टमधील जुन्या स्क्रिप्ट अनेक ठिकाणी अजून चालतात. परंतु मायक्रोसॉफ्टने २०२३ मध्ये ती भाषा कालबाह्य घोषित केली असल्याने नवे काम तिच्यात सुरू करू नये.

व्यवस्थापकाच्या स्वतःच्या विंडोज संगणकावर काम करायचे असेल, तर मॉड्यूलमधील गेट-एडीयूझर ही आज्ञा निःसंशय सर्वांत सोयीची आहे. खाते चालू आहे की नाही हे ती सरळ खरे-खोटे या रूपात सांगते आणि शेवटच्या लॉगइनची वेळ वाचता येईल अशा तारखेत बदलून देते. मात्र ती सुरुवातीला मोजकेच गुणधर्म परत करते. विभाग किंवा ईमेल हवा असल्यास तो नाव घेऊन मागावा लागतो. शिवाय ज्या संगणकावर स्क्रिप्ट चालणार, तेथे मॉड्यूल बसवलेले असावे लागते आणि डोमेन कंट्रोलरवरील (डिरेक्टरी सांभाळणाऱ्या सर्व्हरवरील) वेब सर्व्हिसपर्यंत ९३८९ हा पोर्ट, म्हणजे नेटवर्कवरील संवादाचा क्रमांकित मार्ग, खुला असावा लागतो. फायरवॉलचे नियम कडक असलेल्या नेटवर्कमध्ये पुष्कळदा नेमके येथेच काम अडते.

डिरेक्टरी-सर्चरला वेगळे काही बसवावे लागत नाही, कारण तो विंडोजच्या डॉटनेटमध्येच असतो आणि नेहमीच्या एलडॅप पोर्टवरून, म्हणजे ३८९ वरून बोलतो. म्हणून स्क्रिप्ट इतरांच्या संगणकांवर चालवायची असेल, तर मी हाच मार्ग सुचवेन. त्याची किंमत वाचनीयतेत मोजावी लागते: बंद खाते ओळखण्यासाठी यूझर-अकाउंट-कंट्रोल या संख्येतील २ किमतीचा बिट तपासावा लागतो, आणि लॉगइनची वेळ १ जानेवारी १६०१ पासून मोजलेल्या १०० नॅनोसेकंदांच्या एककांत हाती येते.

पायथॉनचा मार्ग लिनक्स सर्व्हरवरून शोध घ्यायचा असेल किंवा ओपनएलडॅपसारखी दुसरी डिरेक्टरीही हाताळायची असेल, तेव्हाच खऱ्या अर्थाने उपयोगी पडतो. पहिले दोन मार्ग लॉगइन केलेल्या व्यक्तीच्या ओळखीनेच डिरेक्टरीपर्यंत पोहोचू शकतात. येथे मात्र साध्या जोडणीसाठी खात्याचा पासवर्ड द्यावा लागतो. तो स्क्रिप्टमध्ये लिहून ठेवू नये, आणि टीएलएस या एन्क्रिप्शनशिवाय ३८९ वरून तर मुळीच पाठवू नये, कारण तो उघड्या स्वरूपात जातो.

निवड करताना सर्वाधिक लक्ष द्यावे असा मुद्दा निकालांच्या मर्यादेचा आहे. डोमेन कंट्रोलर एका शोधात मूळ सेटिंगनुसार १००० नोंदीच देतो. गेट-एडीयूझर टप्प्याटप्प्याने पुढच्या नोंदी स्वतः मागवते. डिरेक्टरी-सर्चरमध्ये पृष्ठाचा आकार (एका टप्प्यात किती नोंदी मागवायच्या ती संख्या) ठरवून दिला नाही, तर पहिल्या १००० नोंदी देऊन तो कोणतीही चूक न दाखवता थांबतो. एलडॅप३ मध्ये मर्यादा ओलांडल्याची खूण उत्तरासोबत येते, पण ती तपासणे लिहिणाऱ्यावर सोपवलेले असते. अपुरी यादी पूर्ण समजून तिच्या आधारे निर्णय घेतले जाणे हे स्क्रिप्ट बंद पडण्यापेक्षा कितीतरी घातक आहे. म्हणून नोंदींची संख्या बरोबर १००० आली, तर आधी संशय घ्यावा.

लॉगइनच्या वेळेबाबत मात्र कोणताही मार्ग सरस ठरत नाही. लास्ट-लॉगऑन-टाइमस्टँप हा गुणधर्म सर्व कंट्रोलरांवर पोहोचतो, पण मूळ सेटिंगनुसार तो सुमारे १४ दिवसांपर्यंत मागे असू शकतो. अनेक महिने न वापरलेली खाती शोधण्यास तो पुरतो. नेमकी वेळ हवी असल्यास लास्ट-लॉगऑन हा गुणधर्म प्रत्येक कंट्रोलरला स्वतंत्रपणे विचारून त्यांतील सर्वांत अलीकडची नोंद घ्यावी लागते, आणि ते काम तिन्ही मार्गांत लिहिणाऱ्यालाच करावे लागते.