सेमी ऑटोमॅटिक वॉशिंग मशीन (७ किलो): भाड्याचं घर, तासभर पाणी आणि नोकरीवाले दोघं, सहा-सात महिने वापरून

गुढीपाडव्याला घेतलेलं मशीन, आता दिवाळी तोंडावर आलीये, म्हणजे एक उन्हाळा आणि अख्खा पावसाळा त्याने काढलाय, आता लिहायला हरकत नाही. घ्यायच्या आधी मी जेवढे रिव्ह्यू वाचले ते सगळे "डिलिव्हरी वेळेत आली, कलर छान आहे" या टाइपचे, खोका उघडला त्याच दिवशी लिहिलेले. कलर छान असून काय करायचंय, मोरीत तर ठेवायचंय. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाहीये कारण सात किलोच्या सेमी ऑटोमॅटिकमध्ये आत सगळ्यांचं सारखंच असतं, एका बाजूला धुवायचा टब, दुसऱ्या बाजूला पिळायचा, दोन टायमर, एक ड्रेनचा खटका, संपलं. किंमत पाडव्याची ऑफर धरून साडेदहा हजाराच्या आसपास पडली.

आम्ही दोघं, डोंबिवली पूर्वेला वन बीएचके, तिसरा मजला, लिफ्ट नाही, अकरा महिन्यांचं ॲग्रीमेंट. माझी नोकरी ठाण्याला, नवऱ्याची अंधेरीला, तो घाटकोपरला उतरून मेट्रो पकडतो, म्हणजे सकाळी सातला जो बाहेर पडतो तो रात्रीच उगवतो. धुण्याला मावशी मिळतात पण त्या येणार अकराला, तेव्हा घरात कुणी नसतं आणि किल्ली शेजारी ठेवायची दोघांचीही तयारी नाही. त्यामुळे लग्नानंतर बरेच महिने रविवार म्हणजे बादली, ब्रश आणि पाठदुखी. पाच दिवसांचे ऑफिसचे कपडे, दोन डबल बेडच्या चादरी, टॉवेल आणि वर याची जिमची बनियनं, ज्यांच्याबद्दल मी इथे काही लिहिणार नाही.

नवऱ्याला फ्रंट लोडच, म्हणजे समोरून दार असलेलं फुल ऑटोमॅटिक, पाहिजे होतं. त्याने एक्सेल बनवलं, त्यात लाल-हिरवे कॉलम, व्हिडिओ बघून बघून त्याला इन्व्हर्टर मोटरवर लेक्चर देता येईल इतकी तयारी. मी फक्त घरातल्या गोष्टी विचारल्या. फ्रंट लोड साठ किलोच्या वर जातं, तीन मजले चढवणार कोण? त्यात पाणी गरम करायचा हीटर असतो, त्याला सोळा अँपिअरचा पॉइंट लागतो, आपल्या मोरीबाहेर साधा प्लग आहे, मालक पॉइंट काढून देणार का, तर मालक भिंतीला खिळा मारू देत नाहीत. अकरा महिन्यांनी घर सोडायला लागलं तर मागचे ट्रान्झिट बोल्ट (नेताना आतला ड्रम हलू नये म्हणून असतात ते) परत लावून न्यायचं, ते बोल्ट तोपर्यंत आपल्याकडे सापडतील का? (या घरात नेलकटर सापडत नाही.) आणि सगळ्यात मोठं म्हणजे पाणी. आमच्याकडे सकाळी साडेपाच ते साडेसहा पाणी येतं, त्यातलं पहिलं दहा मिनिटं नुसती हवा आणि प्रेशर म्हणजे करंगळीएवढी धार. ऑटोमॅटिक मशीनला सगळ्या सायकलभर नळाला पाणी लागतं, पाणी गेलं की ते अर्ध्यात थांबून एरर दाखवत बसतं, आत साबणाचे कपडे आणि बाहेर आपण. माझ्या मैत्रिणीकडे हेच होतं, ती बिचारी वरून बादलीने पाणी ओतून मशीनला फसवते. मग ऑटोमॅटिक कशाला म्हणायचं त्याला.

एक्सेल बंद झालं.

आता खरा अनुभव. सेमीचा जो तोटा म्हणून सांगतात की प्रत्येक टप्प्याला माणूस लागतो, तोच आमच्या घरात फायदा ठरला, कारण धुणं अर्ध्यात सोडता येतं. शनिवारी रात्री जेवणं झाली की पिंपातलं पाणी ओतून पांढरे कपडे पावडरमध्ये भिजवायचे, अर्ध्या तासाने पंधरा मिनिटं फिरवायचे, काढून पिळायच्या टबात टाकायचे. पाणी सोडायचं नाही! त्याच पाण्यात फिके रंगीत, मग गडद, मग जीन्स आणि शेवटी पायपुसणी, असा क्रम. एका भरणीला अडीच-तीन बादल्या पाणी जातं, आणि एका भरणीत दोघांचं आठवड्याचं सगळं साबणातून निघतं. हे रात्री उरकून ठेवायचं आणि रविवारी पहाटे नळ आला की खळबळून घ्यायचं, दोन पाण्यांतून. शेवटचं पाणी बादल्यांत धरून ठेवते, संडासला आणि बाल्कनी धुवायला होतं. हे असं रात्री निम्मं, सकाळी निम्मं करणं फुल ऑटोमॅटिकवर आमच्या नळाला जमलंच नसतं.

पिंपातून मशीनमध्ये पाणी भरायचं काम नवऱ्याचं. पहिल्या महिन्यात तो बादलीने भरायचा आणि मोरीपासून हॉलपर्यंत तळं करायचा, मग त्याने पिंपात पाइप टाकून सायफन सुरू केला, तोंडाने ओढून. पाणी एकदा तोंडात गेलं, ते नेमकं ज्या पाइपने शेजारच्यांची गाडी धुतली जाते तो पाइप होता, त्यानंतर तीनशे रुपयांचा हातपंप आला.

ड्रेनचं मात्र नीट वाचा, कारण दुकानात हे कुणीच सांगत नाही. बहुतेक सेमी मशीनना पाणी बाहेर फेकायचा पंप नसतो, पाणी उताराने जातं. म्हणजे ड्रेनचा पाइप टबाच्या तळापेक्षा खाली पडलेला पाहिजे. आमच्या मोरीला चार इंचाचा उंबरा आहे, मशीन बाहेर ठेवलं तर पाइप उंबऱ्यावर चढवायला लागणार आणि टबात तळाशी पाणी साचणार. म्हणून मशीन आतच ठेवलं. दाराची रुंदी जेमतेम दोन फूट, मशीनची लांबी अडीच फुटाच्या वर, पण खोली दीड फुटाच्या आसपास, त्यामुळे अरुंद बाजू पुढे करून सरकवलं की जातं. घ्यायच्या आधी टेप लावून दार, उंबरा आणि मोरीतल्या पाणी जायच्या जाळीची जागा मोजा, मशीन नंतर बघा. आणि आत ठेवणार असाल तर अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या, प्लग मोरीबाहेरच ठेवा, ओल्या हाताने खटके नको. आम्ही आंघोळीच्या वेळी वरून प्लॅस्टिकचं कव्हर टाकतो आणि प्लग काढूनच ठेवतो.

आता पावसाळा, इथे मशीनने पैसे वसूल केले. स्पिनचा ड्रम छोटा असतो आणि तेराशेच्या वर आरपीएमने (मिनिटाला तेवढे फेरे) फिरतो, साधी टॉप लोड ऑटोमॅटिक साधारण सातशेच्या आसपास फिरतात. फरक हाताला कळतो. जुलैमध्ये, बाहेर चार-चार दिवस ऊन नाही, बाल्कनीत शेवाळ, अशा हवेत आमचे शर्ट छताला टांगायच्या दोरीवाल्या स्टँडवर पंख्याखाली रात्रभरात वाळत होते. जीन्सला दीड दिवस. दमट वास येतो तो कपडे पिळल्यावर खूप वेळ ओले राहिल्याने, तो अगदी गेला नाही पण निम्म्यावर आला. जाड टॉवेलला दोनदा स्पिन द्या, पाच-पाच मिनिटं, एकदा काढून झटकून परत टाकायचं.

स्पिनमध्ये कपडे कसे भरता त्यावर सगळं. खाली चेपून, सगळीकडून सारखे, वर ती गोल प्लॅस्टिकची चकती दाबून बसवायची, तिला डेमोवाला स्पिन कॅप म्हणाला. एकच जड चादर एका बाजूला पडली की मशीन जागेवरून चालायला लागतं आणि जो धडधडाट होतो तो खाली जातो. आमच्या खालच्या काकू एकदा वर आल्या, "अगं काय, भिंत पाडताय का?" रविवारी, पावणेसहाला. त्यांचं बरोबर होतं. मग चारी पायांखाली रबराची जाड पॅड घातली, शंभर-दीडशेला मिळतात, आणि चादर असली की सोबत एक-दोन टॉवेल टाकून वजन सारखं करतो. काकू आता फक्त जिन्यात भेटल्यावर विचारतात की झालं का धुणं, त्यांच्या स्वरावरून त्यांना माझ्याआधी कळलेलं असतं.

कामाची वाटणी झाली हा अनपेक्षित भाग. हाताने धुणं होतं तेव्हा ते माझं, कसं काय ते देव जाणे, कुणी ठरवलं नव्हतं. मशीन आल्यावर त्याला टायमर, पाइप, खटके मिळाले, मग तो आपणहून उठायला लागला. आता धुवायचा टब माझा, स्पिन त्याचा, वाळत दोघांनी घालायचं. स्पिन पाच मिनिटांचं असतं, त्या मधल्या वेळात आठवडाभर राहिलेले विषय निघतात, त्याच्या मामेबहिणीच्या लग्नात आहेर किती, माझ्या आईकडे गणपतीला दोन दिवस की चार, इथेच राहायचं की बदलापूरला जाऊन बुकिंग करायचं. बऱ्यापैकी भांडणं स्पिनमध्येच झालीत. स्पिन थांबलं की दोघांचे हात कपड्यांत जातात आणि मुद्दा पुढच्या फेरीला राहतो. मे महिन्यात सासूबाई साताऱ्याहून आल्या होत्या, त्यांनी मुलाला पहाटे मोरीत उभं बघितलं, काही बोलल्या नाहीत, दुसऱ्या दिवशी मला म्हणाल्या, "याच्या वडलांना पण शिकवता येईल का गं हे?"

कपड्यांबद्दल थोडं. ओढणी, साडी, लांब नाड्या असलं काही मोकळं टाकू नका, खालची फिरकी त्याचा असा पीळ करते की सोडवायला दोघं लागतात, जाळीची चेनवाली पिशवी घ्या. कॉलर आणि बाह्या आधी हाताने घासायलाच लागतात, मशीनवर जो कॉलर स्क्रबर म्हणून खडबडीत भाग दिलाय तो शोभेचा आहे. खिसे तपासायची जबाबदारी ज्याची पँट त्याची, हा नियम नवऱ्याचा कागदी रेल्वे पास धुतला गेल्यावर झाला. आता दोघांचे पास मोबाईलवर आहेत.

पावडर साधी हाताने धुवायचीच चालते, महागडी मॅटिकवाली लागत नाही, फेस जास्त झाला तरी इथे काही अडत नाही, एक पाणी वाढतं इतकंच. लाइट बिलात फरक दिसला नाही, चारशे वॉटच्या आसपासची मोटर, पंधरा मिनिटं म्हणजे एक दशांश युनिट. टँकरचं किंवा बोअरचं पाणी आलं की पावडर जास्त लागते आणि टबाला पांढरा थर धरतो. डेमोवाल्याने त्यावर साडेतीनशेची पावडरची पाकिटं आणि मशीनखाली ठेवायचं हजाराचं स्टँड गळ्यात मारायचा जोरदार प्रयत्न केला. लिंबूसत्त्व घालून अर्धा तास पाणी फिरवलं की थर जातो, किराणा दुकानात मिळतं. स्टँड मात्र घ्या, बाहेरून घ्या, मोरीत खालचा पत्रा ओला राहिला की गंजतो. आणि खाली उंदरांसाठी जाळी आहे का ते दुकानातच वाकून बघा, लाजू नका, आमच्या आधीच्या भाडेकरूंच्या मशीनची वायर उंदराने खाल्ली होती असं वॉचमन सांगतो.

दुरुस्तीच्या बाबतीत निवांत आहे. आत सर्किट बोर्ड नाही, बेल्ट, ब्रेकची वायर, टायमर, एवढंच जातं आणि गल्लीतला मेकॅनिक ते करतो. ऑटोमॅटिकचा बोर्ड उडाला की काही हजार जातात. स्पिनचं झाकण उघडल्यावर ड्रम काही सेकंदांत थांबला पाहिजे, फिरतच राहिला तर ब्रेक गेलाय, हात घालू नका आणि लगेच बोलवा. घरात लहान मूल असेल तर हे दुप्पट लक्षात ठेवा.

कुणी घेऊ नये? ज्यांच्याकडे चोवीस तास पाणी आहे, लिफ्ट आहे, स्वतःचं घर आहे त्यांनी खुशाल ऑटोमॅटिक घ्या, उगाच का ओल्या चादरी या टबातून त्या टबात उचलायच्या. पाठीचा त्रास असेल त्यांनीही नको, भिजलेली डबल बेडची चादर प्रकरण आहे. आणि घरात एकटेच असाल तर होतं, पण रविवारची पहाट पूर्ण जाते.

पाचपैकी चार स्टार. एक कापलाय तो धुवायच्या बाजूच्या झाकणाच्या बिजागरीसाठी, पातळ प्लॅस्टिक आहे, पाचव्या महिन्यातच एका बाजूने तडकली. वॉरंटीत मोटर आहे, प्लॅस्टिक नाही, हे कार्डावर मागच्या बाजूला बारीक अक्षरात आहे. पार्ट मागवलाय, दोनशे चाळीस सांगितलेत, तोपर्यंत याने सुतळीने बांधून दिलंय आणि खरं सांगायचं तर व्यवस्थित चाललंय.