हॉट चॉकलेट: कोको पावडर की चॉकलेटची वडी?

दाट हॉट चॉकलेट हवं असेल तर माझं मत वडीलाच. कोको पावडरमधून बरंचसं कोको बटर, म्हणजे कोकोच्या बियांतला स्निग्धांश, काढलेलं असतं; चव कडक, पण पेय पातळ. कपभर दुधाला दोन चमचे पावडर आणि तितकीच साखर आधी थोड्या कोमट दुधात गुठळ्या मोडून कालवायची, मग उकळायची. उकळल्याने कोकोतला स्टार्च फुलतो, थोडा दाटपणा येतो.

साधारण ७० टक्के कोकोची वडी ३०-४० ग्रॅम बारीक चिरून गरम दुधात विरघळवली, की चव जिभेवर रेंगाळते. महाग पडते, हे खरं. पण ‘कंपाउंड’ लिहिलेली स्वस्त वडी नको. तिच्यात कोको बटरऐवजी दुसरंच वनस्पती तेल असतं. चिमूटभर मीठ दोन्हींत. आणि घरात म्हशीचं दूध येत असेल, तर पावडरवरही छान भागतं.